तपेली कुणाला द्यायची?

दिवाळी अंकांची धांदल पावसाळ्यातच सुरू होते. जूनच्या शेवटी एका अंकाच्या संपादकांचा फोन आला. किशोर वाचकांसाठी रहस्यकथा हवी, तपास लावणारं पोर शाळकरी हवं, शब्द अडीच हजारांच्या आत आणि मजकूर ऑगस्ट संपायच्या आत. "चोरीबिरी नको, मुलं आता तेवढ्यावर ऐकत नाहीत. खूनच घ्या," असंही म्हणाले. मी दिवसा पतसंस्थेत हिशेब लिहिते आणि जमेल तसं रात्री कथा. हो म्हणून टाकलं. आता अंक येऊन गेला आहे, तेव्हा खुनी कोण ते इथे उघड सांगायला हरकत नाही. मला सांगायचंय ते ही कथा कशी जुळत गेली ते.

कथा नाशकात घडवते म्हटल्यावर संपादकांना लगेच १९०९ आठवलं. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. (मराठीतला पहिला मानला जाणारा दिवाळी अंकही १९०९ सालचाच, हा आपला एक योगायोग.) "त्या दिवशी प्रेक्षकांत एखादा शाळकरी मुलगा असेल तर?" असं त्यांचं म्हणणं. मला ते पटेना. भरल्या नाट्यगृहात गोळ्या झाडल्या, मारणारा जागेवर सापडला, मग पोरानं शोधायचं काय? इतिहास म्हणून ते प्रकरण मोठंच आहे, पण रहस्यकथेच्या कामाचं नाही.

मग एक साधा वाडा घेतला. जुन्या नाशकातला, भांडी बाजाराच्या पाठीमागच्या गल्लीतला, दर पावसाळ्याआधी महापालिकेची 'धोकादायक' म्हणून नोटीस येणारा. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे नानासाहेब. ते जिन्याखाली मरून पडलेले सापडतात. लाकडी जिना, उभट, पायऱ्या झिजलेल्या, धरायला फक्त दोर. अशा जिन्यावरून म्हातारा माणूस पडला तर कुणाला संशय येणार? वाडा पाडून इमारत उभी करायला टपलेला पुतण्या आहे, नाना सही करत नाहीत, हे कारणही तयार. खुनामागचं कारण शोधायला मी फार वेळ घालवत नाही. जुन्या नाशकात कुठल्याही ओट्यावर अर्धा तास बसलं की अशी चार कारणं कानावर पडतात.

खरी अडचण होती मुक्ताची. मुक्ता म्हणजे माझी गुप्तहेर, सातवीतली, नानांच्या खालच्या मजल्यावर राहणारी. सातवीतल्या मुलीला कोण कुठे शिरू देतं? मृतदेहाजवळ तिला कुणी फिरकू देणार नाही, शवविच्छेदनाचा अहवाल कुणी दाखवणार नाही, पुतण्याचे फोन कुणाला आले-गेले ते कळायचा मार्ग नाही. मुलांच्या गोष्टींतले गुप्तहेर समुद्रकाठच्या गुहेत तस्करांना पकडतात, ते सोयीचं असतं. नाशकात गुहा म्हणजे पांडवलेणी, आणि तिथे चोरांनासुद्धा तिकीट काढून वर चढावं लागेल.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार काका राहतात. त्यांना विचारलं, वाड्यात असं कुणी मेलेलं सापडलं तर पहिल्यांदा काय होतं? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हुरूपच आला त्यांना. "ताई, आधी ए.डी. दाखल होते. अकस्मात मृत्यू. एकशे चौऱ्याहत्तर." मी म्हटलं, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता ते कलम १९४ आहे ना? "असेल. आमच्या तोंडात चौऱ्याहत्तरच." खुनालाही ते तीनशे दोनच म्हणतात, नव्या संहितेत १०३ झालं तरी. मग पंचनामा. पंच म्हणून आसपासची दोघं-तिघं धरायची. प्रेत कसं पडलंय, तोंड कुठल्या दिशेला, अंगावर काय, जखमा कुठे, सगळं लिहायचं, सह्या घ्यायच्या आणि प्रेत सिव्हिलला पाठवायचं. मरणाची वेळ डॉक्टर कधीच घड्याळ लावून सांगत नाहीत, अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान एवढंच. "आणि पंचांचं म्हणाल तर," काका म्हणाले, "ते दारात उभे असतात, नजर प्रेतावर, जीव घरी जायच्या वाटेवर. स्वयंपाकघरात काय आहे ते कुणी बघत नाही."

हे शेवटचं मी वहीत लिहून घेतलं. तपास स्वयंपाकघरातून सुरू करायचा, म्हणजे मुक्ताला कुणाची परवानगी लागणार नाही. वाड्यातली पोरं कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरतात.

तपेली तिथून आली. नाना रोज ताक प्यायचे आणि ते ठेवायचे पितळी तपेलीत. कल्हई, म्हणजे आतला कथलाचा थर, उडालेल्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवट पडतं, प्यालं तर मळमळतं, उलट्या होतात. माझ्या आजीच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं. पुतण्यानं पोलिसांना काय सांगितलं? "मी दुपारी येऊन गेलो. नाना त्या तपेलीतलंच ताक पीत होते, हिरवं पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, ओतून द्या म्हटलं तर ऐकेनात. तेव्हाच म्हणत होते गरगरतंय म्हणून." झालं. कळकलेलं ताक, चक्कर, जिना. अख्ख्या वाड्याला पटलं, कारण नाना कल्हईला पैसे मोडत नाहीत हे सगळ्यांनाच माहीत.

फक्त त्या दिवशी त्यांनी मोडले होते. गल्लीत किती तरी वर्षांनी कल्हईवाला आला होता.

इथे मला स्वतः जाऊन बघणं भाग होतं. लहानपणी कल्हई पाहिल्याचं आठवतं, पण त्यातला आवाज आणि धूर तेवढा आठवतो, क्रम आठवत नाही. आता कल्हईवाले सहजी सापडत नाहीत. भांड्यांच्या दुकानांत विचारत विचारत एक जण मिळाला, पिंपळाच्या पाराशेजारी बसणारा. आईची जुनी तपेली घेऊन गेले, सोबत भावाची मुलगी, माझी भाची, तीही सातवीतलीच. मुक्ताचं वय तिच्याकडूनच उसनं घेतलेलं.

त्यानं जमिनीत छोटा खड्डा केला होता, त्यात कोळसे, बाजूला हातानं फिरवायचा पंखा. तपेली आधी घासून स्वच्छ केली, मग निखाऱ्यांवर धरून सांडशीनं फिरवत राहिला. भांडं पुरेसं तापलं की नाही हे तो कसं ओळखत होता ते मला अजून सांगता येणार नाही. चिमूटभर नवसागर टाकला आणि पांढरा धूर असा उठला की आमच्या दोघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी. लगेच कथलाची कांडी आत टेकवली. कथील तसं कमी उष्णतेला वितळणारं, २३२ अंशांना. कांडीचं टोक मेणासारखं ढळलं आणि त्यानं कापसाचा बोळा घेऊन ते आतून सरसर फिरवलं. काळपट पिवळं भांडं त्या बोळ्यामागून पांढरं होत गेलं. मग बादलीत बुडवली. चर्र. भाचीनं तोंडावरचा हात काढला आणि म्हणाली, "आत्या, परत करायला सांग ना." पैसे देताना मी सहज विचारलं, पावसाळ्यात कसं चालतं? तो म्हणाला, पावसात भट्टी लागत नाही, थेंब पडायला लागले की गाशा गुंडाळायचा.

त्या एका दुपारी मला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे त्याच्या शेजारून येणारी-जाणारी मोठी माणसं. एकही थांबला नाही. पन्नाशीच्या माणसानं कल्हई हजारदा पाहिलेली, तिशीच्या माणसाला त्याची गरज नाही. थांबली ती फक्त पोरं, कारण त्यांनी हे कधी पाहिलेलंच नव्हतं. मुक्ताला काय दिसेल जे पंचांना दिसत नाही, याचं उत्तर तिथेच होतं. तिला तल्लख बुद्धी, भिंग, दप्तरात टिपणवही असलं काही द्यायची गरज उरली नाही. ती भट्टीशेजारी उकिडवी बसून राहिली होती, बास. दुसरी गोष्ट पावसाची. ती पुढे कामाला आली.

कथेतला वेळ मी पुराच्या दिवसाचा घेतला. नाशकात राहिलेल्याला याचं स्पष्टीकरण नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी घालाव्या लागल्या. गावात पाऊस नसतानाही गोदावरीला पूर येतो. वर त्र्यंबकच्या डोंगरात कोसळतो, गंगापूर धरणातून पाणी सोडतात आणि इकडे कोरड्या अंगणात उभं राहून माणसं विचारतात, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचं मोजमाप. गुडघा, कंबर, छाती, गळा. क्युसेकचे आकडे बातमीत येतात, पण ते ऐकून कुणी दुकानातला माल वर चढवत नाही. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की सराफ बाजारात आणि भांडी बाजारात हालचाल सुरू होते. २००८, २०१६, २०१९ या तिन्ही पुरांच्या गोष्टी मला माझ्या घरातच मिळाल्या. आणि पूर आला की गाव गंगेवर लोटतं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आज्या, तान्ही पोरं, भज्यांची गाडी, सगळं तिथे. म्हणजे संध्याकाळी वाडा रिकामा. खुनाला याहून बरी वेळ कुठली? वाड्याला कॅमेरा नाही आणि गल्लीतल्या सराफाचा कॅमेरा त्याच्याच शटरकडे तोंड करून. मोबाइलचा प्रश्नही मिटला. मुक्ताकडे स्वतःचा फोन नाही, आईचा फोन आईबरोबर पूर बघायला गेलेला.

तर दुपार कोरडी, कल्हईची भट्टी पेटलेली. पाऊस गावात आला संध्याकाळी. पुतण्या म्हणतो मी दुपारी आलो, तेव्हाच छत्री विसरलो. छत्री नानांच्या दाराआड सापडली, खाली फरशीवर पाण्याचं थारोळं सुकून राहिलेला पांढुरका डाग. दुपारच्या छत्रीला पाणी कुठलं? हा धागा किशोर वाचक पकडतील आणि त्यांना बरं वाटेल म्हणून मी मुद्दाम सोपा ठेवला. अवघड तपेलीचा होता.

कच्चा खर्डा भाचीला वाचायला दिला. त्यात तपेली नानांच्या फळीवर पालथी घातलेली होती आणि मुक्ता ती उलटी करून आतली चकचकीत कल्हई दाखवते, असं होतं. भाचीनं वाचून विचारलं, "पण आत्या, पुतण्या त्याच घरात होता ना? त्यानं तपेली उलटून पाहिली असती तर? जिच्यावर खोटं बोलायचंय ती वस्तू माणूस एकदा तरी बघेल." रास्त होतं. खुनी मूर्ख असला की गुप्तहेराला हुशार व्हावं लागत नाही, आणि अशा कथा मला वाचायलाही आवडत नाहीत.

त्याच आठवड्यात काकांना शेवटचा प्रसंग वाचून दाखवत होते. मुक्ता पोलीस ठाण्यात जाते, फौजदारासमोर खुर्चीवर बसते, पाय जमिनीला टेकत नाहीत, असं छान चित्र रंगवलं होतं. काकांनी हात वर केला. "नाही. तिला ठाण्यात बोलवता येत नाही. बाईमाणूस असो की पंधरा वर्षांच्या आतला मुलगा, जबाब घ्यायचा तर पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं." फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होतीच, नव्या संहितेतही आहे. मी म्हटलं, लहान मुलीच्या साक्षीला तरी किंमत असते का? त्यांनी सांगितलं, साक्षीला वयाची अट नाही. प्रश्न समजतोय आणि धड उत्तर देता येतंय एवढं न्यायाधीशांना पटलं पाहिजे.

म्हणजे फौजदार मुक्ताच्या घरी येणार. मुक्ताच्या स्वयंपाकघरात बसणार. मग तपेली तिथेच का नसावी?

यावर अख्खी कथा उलटी फिरली आणि सगळे सांधे बसले. नानांनी तपेली आणि पैसे मुक्ताच्या हातात दिले, "मुक्ते, तेवढी कल्हई करून आण गं." दुपारभर ती रांगेत बसली. तपेली घेऊन आली तर नानांचं दार लावलेलं, ते वामकुक्षीला. उठवायचं नाही म्हणून तिनं ती आपल्या घरी ठेवली, संध्याकाळी पुराच्या गडबडीत राहून गेली आणि दुसऱ्या दिवशी नाना नव्हते. पुतण्यानं ती पाहिलीच नाही. पंचांनी ती शोधलीच नाही. ज्या तपेलीतून नाना दुपारी ताक पीत होते म्हणे, ती त्या दुपारी गल्लीतल्या भट्टीवर होती.

आणि मुक्ताला तपास करायचं कारणही मिळालं. तोवर ती खुनाच्या मागे का लागेल हे मला पटत नव्हतं. बारा वर्षांची मुलगी न्यायासाठी झगडते वगैरे लिहिताना माझाच हात अडखळत होता. आता तिला फक्त एक प्रश्न पडला होता: नाना गेले, त्यांची तपेली कुणाला द्यायची? तिच्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं, नानांच्या गेलेल्या बायकोचं. ती हे विचारत वाड्यात फिरते. आई म्हणते, राहू दे, नंतर बघू. खालचे आजोबा म्हणतात, पुतण्याला दे, वारस तोच. ती पुतण्याकडे जाते, तो चार माणसांत बसून त्याच तपेलीतल्या हिरव्या ताकाची हकिगत सांगत असतो आणि ती दारात उभी राहून ऐकते. तपेली घरीच ठेवून आलेली. पुढचं तिला कुणी शिकवायला नको.

मृत्यू किती दाखवायचा यावर संपादकांशी थोडं वाजलं. त्यांना रक्त नको होतं, मलाही नको होतं, पण 'नाना देवाघरी गेले' असली भाषाही नको होती. शेवटी जिन्याच्या मधल्या पायरीवर अडकलेली एक चप्पल ठेवली आणि 'मेले' हा शब्द ठेवला. पुतण्याच्या पकडल्या जाण्याला तीन वाक्यं दिली. पाठलाग, कबुलीजबाबाचं भाषण, काही नाही. काका म्हणाले, तसं कुणी भाषण देत नाही, लोक रडतात नाहीतर वकील बोलावतात.

शेवटच्या प्रसंगात मुक्ता फळीवरून तपेली काढते आणि ओट्यावर ठेवते. फौजदार ती उजेडात धरून आत बघतात. कल्हईवाल्याचा शोध घ्यायला शिपाई जातो. मग जप्तीचा पंचनामा, कारण आता ती तपेली नानांचीही नाही, पुतण्याचीही नाही. ती मुद्देमाल झाली. काकांच्या सांगण्यावरून फौजदार तिला कागदात 'पिवळ्या धातूची' लिहितात. धातू कोणता हे ठरवायचं काम पंचांचं नसतं. लाखेचं सील, लेबल, पंचांच्या सह्या. कोर्टाच्या हुकमाशिवाय ती आता कुणालाच मिळणार नाही.

भाचीनं हे वाचलं आणि म्हणाली, "आणि सुटे पैसे? नानांनी दिलेल्यातले उरले असतील ना?" तेव्हा मुक्ता कंपासपेटी उघडते आणि वीस रुपयांची नोट तपेलीशेजारी ठेवते, असं केलं. काकांना विचारलं, ती नोट पंचनाम्यात येईल का? ते म्हणाले, त्या नोटेचं खुनाशी काही घेणंदेणं नाही, पण मुलीनं समोर ठेवली म्हटल्यावर फौजदार लिहील, नाहीतर उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार. संपादकांना तो मजकूर लांबण वाटत होता, शब्दही वर जात होते. मी पुराच्या वर्णनातली भज्यांची गाडी काढली आणि वीस रुपये ठेवले.